यासनं साल कधी संपस?

नमस्कार, श्रोतेहो.

आज एका सिनेमाबद्दल बोलायचंय. 'स्पार्टाकस', १९६० सालचा, स्टॅनली कुब्रिकचा, तीन तासांहून लांब. रोममधल्या गुलामांच्या बंडाची गोष्ट. घडलेलं थोडक्यात सांगतो. इसवी सनापूर्वी ७३ साली इटलीतल्या कापुआ गावच्या आखाड्यातून सत्तर-ऐंशी गुलाम पळाले. लोकांच्या करमणुकीसाठी एकमेकांना मारायचं शिक्षण दिलेली माणसं ती. पळताना त्यांच्या हातात तलवारी नव्हत्या. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या होत्या आणि मांस भाजायच्या सळया. पुन्हा सांगतो, सुऱ्या आणि सळया. एवढ्यावर सुरू झालेलं बंड रोमला दोन वर्षं पुरलं. व्हेसुव्हियस डोंगरावर वेढा पडला तेव्हा त्यांनी रानद्राक्षांच्या वेलींचे दोर वळले, कड्यावरून उतरले आणि मागून छावणीवर पडले. आपल्या सातपुड्यात १८५८ साली अंबापाणीला खाजा नाईकांचे भिल्ल इंग्रजांशी लढले, त्यांनाही डोंगर असाच पाठ होता.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला सारंगखेड्याच्या यात्रेत, तंबूत. चौथीत होतो. वडील घोड्यांच्या बाजारात गुंतलेले, मला त्यांनी आमच्या सालदाराकडे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याकडे सोपवलं. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. मार्गशीर्षातली तापीकाठची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. खाली पोतं अंथरून बसलो, नानांनी घोंगडीचं अर्धं टोक माझ्या अंगावर ओढलं. बाहेर जनरेटर धडधडत होता. पडद्यावरची भाषा आम्हा दोघांनाही कळत नव्हती. मला वडिलांनी गोष्ट आधी सांगितलेली, तीच मी नानांच्या कानात सांगत होतो.

सुरुवातीला गुलाम खाणीत दगड वाहतात, तिथंच नानांची बिडी बोटात विझली. पेटवायचं भान राहिलं नाही. बऱ्याच वेळानं माझ्याकडे वाकून त्यांनी विचारलं,

"भाऊ, यासनं साल कधी संपस?"

यांचं साल कधी संपतं? मी म्हटलं, "नाना, यांचं साल संपत नाही." ते काही बोलले नाहीत.

इथं थोडं थांबतो. हे वाक्य मी मराठीत सांगितलं असतं तर त्याचा जीव गेला असता. घरात पोरांशी अहिराणी बोला हो. शाळेत मराठी येईल, इंग्रजीही येईल, पण अहिराणी ओट्यावरच शिकली जाते. ती ओट्यावरून गेली की कुठल्या वर्गात मिळायची नाही.

तर सिनेमा. शेवटी बंड मोडतं. क्रासस नावाच्या सेनापतीनं पकडलेल्या सहा हजार गुलामांना कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेनं क्रुसावर टांगलं. सहा हजार. सिनेमात स्पार्टाकसही क्रुसावर जातो. जुने इतिहासकार मात्र सांगतात की तो रणात पडला आणि त्याचं प्रेत सापडलंच नाही. मला इतिहासातला शेवट जास्त खरा वाटतो. नाना रस्ताभर गाडीत गप्प होते.

आता अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सालदाराचं साल अखाजीला संपतं आणि अखाजीलाच नवं लागतं, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. नानांनी लेकीच्या लग्नाला उचल घेतली होती, म्हणून दर अखाजीला न विचारता त्यांचं पुढचं साल लागायचं. सालदारी म्हणजे रोमची गुलामी नव्हे, हे मला कळतं. पण उचल फिटली की नाही हे ज्याच्या वहीत आहे तोच सांगणार असेल, तर माणूस बांधलेलाच राहतो. वेठबिगारीविरुद्ध १९७६ साली कायदा झाला तो अशाच कर्जासाठी.

त्या अखाजीला सकाळी नाना ओट्यावर आले, बैल हाकायची पराणी मांडीवर आडवी ठेवून बसले आणि वडिलांना म्हणाले, "आबा, वही वाची दखाडा."

आमच्या घरात हे कधी कुणी म्हटलं नव्हतं. वडिलांनी लाल वही काढली. ते आकडा वाचायचे, नाना "हां" म्हणायचे. आकडा, हां. आकडा, हां. मग नाना बोटं मोजत म्हणाले, "आनि दादरना पोता?" दर सालाला ठरलेली दोन पोती दादर ज्वारी, तीन साल दिलेली नव्हती आणि वहीत बाकीही नव्हती. चूक आमच्या घरची होती. वडिलांचे कान लाल झाले. त्यांनी तिथंच सहा पोत्यांचे पैसे मांडले, वजाबाकी केली. उचल फिटून वर थोडे नानांचेच निघत होते.

नानांनी उठून पराणी खुंटीला टांगली. आईनं नेहमीसारखं त्यांचं ताट ओट्यावर आणून ठेवलं होतं, रस आणि खापरावरची पुरणपोळी. त्यांनी ताट उचललं, घरात आले आणि वडिलांच्या शेजारच्या पाटावर बसले. वडील थोडे सरकले. आईनं दोघांना तूप वाढलं.

नमस्कार.