वीस किलोमीटरचा फरक

[दृश्य: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, सपाट टप्पा, पहाट]

शेजारशेजारच्या लेनमधून दोन गाड्या चालल्या आहेत. एकीचा काटा शंभरवर, म्हणजे इथल्या मर्यादेवर. दुसरीचा एकशेवीसवर. पुढे अचानक ट्रक आडवा होतो. दोन्ही चालक एकाच जागी ब्रेक दाबतात. ब्रेक सारखे, टायर सारखे, रस्ता तोच.

पहिली गाडी ट्रकला टेकता टेकता थांबते. दुसरी त्याच जागी पोचते तेव्हा तिचा वेग किती असेल? वीस, असं पटकन वाटतं. उत्तर आहे ताशी ६६ किलोमीटर.

[दृश्य: फळ्यावर खडूने आकडेमोड]

गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. माणसांसकट गाडी १२०० किलोची धरू, निमपट ६००. ताशी शंभर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, ऊर्जा ४ लाख ६३ हजार ज्यूल. एकशेवीसला तीच होते ६ लाख ६७ हजार. वेग वाढला वीस टक्के, ऊर्जा चव्वेचाळीस टक्के.

तेवढ्याच अंतरात ब्रेक दोन्ही गाड्यांची सारखीच ऊर्जा काढून घेतात. पहिलीची सगळी संपते. दुसरीकडे दोन लाखांवर ज्यूल शिल्लक राहतात, आणि त्यांचाच वेग होतो ६६. जवळजवळ सहा मजल्यांवरून पडलेली गाडी जमिनीवर याच वेगाने आदळते. हा आकडा मला गाडी चालवायला शिकवताना कुणी सांगितला नव्हता. सांगायला हवा होता.

[दृश्य: ओल्या मातीत पडणारा पितळी गोळा]

वेगाचा वर्गच का, यावर अठराव्या शतकात युरोपभर वाद पेटला होता. हॉलंडमधल्या लायडनला विलेम ख्राव्हेसांडे यांनी पितळी गोळे मऊ मातीवर टाकून पाहिले. वेग दुप्पट केला की खड्डा चौपट खोल. फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले यांनी १७४० च्या आपल्या ग्रंथात वर्गाचीच बाजू लावून धरली. मातीतला तो खड्डा म्हणजे गोळ्याचं थांबण्याचं अंतरच की!

[दृश्य: बोरघाट, उतरणारा मालट्रक]

घाटात हिशोब आणखी कडक होतो. चाळीस टनांचा ट्रक ताशी चाळीसने चालला असेल, तर त्याची गतिज ऊर्जा २५ लाख ज्यूलच्या आत. पण खंडाळ्याहून खोपोलीकडे तो सुमारे पाचशे मीटर खाली येतो, आणि त्या उंचीचे जवळजवळ वीस कोटी ज्यूल वाटेत कुठेतरी जिरवावे लागतात. खालच्या गिअरमध्ये इंजिन त्यातला मोठा वाटा उचलतं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, की जवळजवळ सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. लायनर तापतात, धूर येतो, आणि पेडल पूर्ण दाबूनही पकड मिळत नाही.