ओलं सारण, कुरकुरीत पारी

पारी कोरडी राहिली तर कुरकुरीत राहते, आणि सारण ओलं असलं की ते पारीला कोरडं राहू देत नाही. भरून तळायचा किंवा भाजायचा पदार्थ करणाऱ्या प्रत्येक स्वयंपाकघराची ही जुनी अडचण आहे. आपल्या करंजीनं त्यावर काढलेलं उत्तर तुम्हाला माहीत आहे: सारणच कोरडं ठेवायचं. सुकं खोबरं, भाजलेली खसखस, पिठीसाखर. म्हणून दिवाळी संपली तरी डब्यातली करंजी चांगली राहते.

इटलीच्या दक्षिणेत, सिसिलीत आणि नेपल्समध्ये, सारण असतं ताज्या रिकोत्ताचं. मऊ, ओलसर, दुधाच्या वासाचं. ते पूर्ण कोरडं केलं तर खायला काही उरणारच नाही. तरीही तिथल्या पाऱ्या दाताखाली कडकड वाजतात. हे कसं जमवलं, ते मला आज दोन पदार्थांवरून सांगायचं आहे. एक सिसिलीचा कान्नोलो, म्हणजे तळलेल्या पारीची भरलेली नळी; दुसरी नेपल्सची स्फोल्यातेल्ला, म्हणजे भाजलेली, पापुद्र्यांची. दोन्ही मी घरी, आपल्या ओट्यावर, बारा वर्षं करते आहे.

आधी रिकोत्ता, कारण सगळी गंमत तिथे आहे. या शब्दाचा अर्थ ‘पुन्हा शिजवलेलं’. मेंढीच्या दुधाचं चीज करताना विरजक, म्हणजे दूध गोठवणारं रेनेट, घालून दूध फाडतात आणि गोठलेला भाग गाळून घेतात. खाली जी निवळी उरते तिच्यात काही प्रथिनं शिल्लक असतात. ती विरजकानं गोळा होत नाहीत, उष्णतेनं होतात. म्हणून निवळी 80 ते 90 अंशांपर्यंत तापवतात आणि वर येणारा पांढरा मऊ साका झाऱ्यानं उचलून टोपलीत भरतात. हाच खरा रिकोत्ता.

इथे बऱ्याच जणी एक प्रयोग करून बघतात आणि निराश होतात. लिंबू पिळून पनीर केलं, निवळी उरली, ती पुन्हा उकळली, आणि हाती काहीच लागलं नाही. कारण साधं आहे. पनीरसाठी दूध आपण उकळलेलंच असतं, त्यामुळे ती उरायची प्रथिनं आधीच पनीरबरोबर बाहेर आलेली असतात. तेव्हा घरी सरळ दुधापासून सुरुवात करायची आणि त्याला ‘दुधाचा रिकोत्ता’ म्हणायचं. मेंढीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के असतो. गाईचं दूध त्यापुढे पातळ पडतं, म्हशीचं मात्र त्याच्या जवळ जातं. नेपल्सच्या आसपास म्हशीच्या दुधाचा रिकोत्ताही होतोच.

दोन लिटर म्हशीचं दूध, चिमूटभर मीठ, मंद आच. 85 अंशांच्या आसपास, म्हणजे कडेला बारीक बुडबुडे येऊ लागले पण उकळी फुटली नाही, अशा वेळी गॅस बंद करायचा. मग तीन-चार चमचे लिंबाचा रस पाण्यात मिसळून हळूहळू घालायचा. एकदोनदाच ढवळायचं आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. पनीरसारखं जोरात ढवळलं की दाणा घट्ट होतो. आपल्याला हवा तो मऊ साका. तो झाऱ्यानं उचलून पंचात घ्यायचा. साधारण 400 ग्रॅम निघतो.

त्यानंतर हा पंचा चक्क्यासारखा टांगायचा, फ्रिजमध्ये, रात्रभर. मी पहिल्या वर्षी दोन तास टांगून समाधान मानलं होतं. सकाळी साखर घातल्यावर सारणाची अक्षरशः खीर झाली. साखर पाणी ओढून घेते, दिसत नसलेलं पाणीही बाहेर काढते. रात्रभर निथळल्यावर साखर मिसळायची, 400 ग्रॅमला सुमारे 130 ग्रॅम. तासभर फ्रिजमध्ये ठेवून मग ते श्रीखंडाच्या पुरणयंत्रातून काढायचं. मिक्सर नको, त्यात रिकोत्ताची घडण मोडते आणि तो पातळ होतो. शेवटी बारीक चिरलेलं काळं चॉकलेट. एवढंच. वेलची घालण्याचा मोह होतो, मलाही झाला. पण वेलची पडली की दुधाचा वास मागे पडतो, आणि या पदार्थात ऐकू यायला हवा तो दुधाचाच आवाज.

आता कान्नोलो. ‘कान्ना’ म्हणजे नदीकाठचं उंच पोकळ गवत, आपल्या बोरूसारखं. पूर्वी त्याच्या कांड्यांवर पारी गुंडाळून तळत असत, आणि नाव तिथूनच आलं. एक असेल तर कान्नोलो, अनेक असतील तर कान्नोली. सिसिलीत तो मुळात कार्निव्हलचा पदार्थ, म्हणजे लेंट या ख्रिस्ती उपासकाळाआधीच्या दिवसांचा. याला कुरणाचाही आधार आहे. तिथला उन्हाळा कोरडा, गवत वाळून जातं. पाऊस हिवाळ्यात. त्यामुळे हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात मेंढ्या हिरव्या गवतावर असतात, तेव्हाच दूध भरपूर आणि सुगंधी असतं. सण आणि दूध एकाच वेळी येतात.

या पारीत सिसिलीचा इतिहास थरांनी बसलेला आहे. अरब फौजा 827 मध्ये माझाराला उतरल्या, 831 मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती गेलं. ऊस आणि आंबट संत्री-लिंबं तिथल्या शेतात रुजली ती त्या काळात. कान्नोलोच्या टोकाला जी पाकवलेली संत्र्याची साल असते तिची मुळं तिथे आहेत. काल्तानिस्सेत्ता गावच्या जनानखान्यात कान्नोलो जन्मला अशी एक कथा सिसिलीत सांगतात, ती कथा म्हणूनच ऐकावी. पुढे ही मिठाई जपली ती मठांतल्या जोगिणींनी. कोको अमेरिकेचा, तेव्हा पिठातला कोको नंतरचा. मार्साला वाइन आणखी नंतरची: जॉन वुडहाउस या इंग्रज व्यापाऱ्यानं 1773 मध्ये मार्साला बंदरातून ती इंग्लंडला पाठवली आणि तिचं नाव झालं. समुद्रप्रवासात टिकावी म्हणून त्यानं तिच्यात जास्तीचा मद्यार्क मिसळला होता. तीच दणकट वाइन आज पिठात पडते.

पीठ असं: मैदा 250 ग्रॅम, साखर 25 ग्रॅम, कोको एक चमचा, दालचिनी अर्धा चमचा, चिमूटभर मीठ. यात 30 ग्रॅम चरबी बोटांनी चोळायची, अगदी आपण मोहन चोळतो तसं. तिथे डुकराची चरबी वापरतात, मी घट्ट साजूक तूप घेते. मग एका अंड्याचा पिवळा बलक, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि सुमारे 75 मिलिलिटर मार्साला, पीठ घेईल तशी. पांढरा बलक बाजूला ठेवायचा, त्याचं काम पुढे आहे. मार्साला मिळाली नाही तर गोव्याची गोडसर पोर्ट वाइन चांगली चालते. तिचा लाल रंग कोकोत लपून जातो. वाइन नको असेल त्यांनी पाणी घालावं, पण व्हिनेगर सोडू नये.

या दोन गोष्टी चवीपुरत्या नाहीत, म्हणून थोडं थांबते. व्हिनेगरची आंबट बाजू मैद्याचा ताण सैल करते, त्यामुळे पारी पातळ लाटता येते आणि आकसत नाही. मद्यार्क पाण्याआधीच उडतो. गरम तेलात त्याची आणि पाण्याची वाफ एकदम उसळते, आणि पारीवर ते फोड येतात जे चांगल्या कान्नोलोची ओळख आहेत. गुळगुळीत पारी आली तर समजायचं, पीठ सैल होतं किंवा तेल थंड होतं.

पीठ घट्ट हवं. दहा मिनिटं मळून ओल्या कापडाखाली किमान तासभर ठेवायचं. नंतर सुमारे एक मिलिमीटर जाडीचं लाटायचं, दहा सेंटिमीटरच्या वाटीनं गोल कापायचे, आणि प्रत्येक गोल हातानं थोडा ताणून लांबट करायचा. नळी स्टीलची, दोन ते अडीच सेंटिमीटर व्यासाची. हार्डवेअरच्या दुकानातला जस्ताचा मुलामा दिलेला पाइप कापून आणू नका, तो तळणीत घालण्याचा नाही. पारी नळीवर सैल गुंडाळायची. मागच्या टोकावर, फक्त तिथेच, पांढरा बलक लावून पुढचं टोक चिकटवायचं. बलक नळीला लागला की कवच नळी सोडत नाही, मग ते फोडूनच काढावं लागतं. अंडं न खाणाऱ्यांनी मैद्याची दाट खळ लावावी. ती थोडी कमी धरते, म्हणून टोकं जास्त चढवायची.

तेल 175 ते 180 अंश. दीड-दोन मिनिटांत कवच तपकिरी होतं. काढताना नळी उभी धरून आतलं तेल कढईतच निथळू द्या, ते भाजण्याइतकं तापलेलं असतं. कोमट असतानाच कापडानं धरून नळी सरकवून काढायची.

आणि आता पाण्याचा प्रश्न. सिसिलीचं उत्तर असं: पारी आणि सारण यांची गाठ शेवटच्या क्षणापर्यंत पडू द्यायची नाही. पालेर्मोत मी पहिल्यांदा कान्नोलो मागितला, तेव्हा काचेमागे भरलेले बरेच दिसत होते. दुकानातल्या बाईंनी त्यातला एकही उचलला नाही. आत जाऊन रिकामं कवच आणलं, माझ्यासमोर दोन्ही टोकांनी भरलं, एका टोकाला संत्र्याची साल लावली आणि ‘आत्ता खा’ अशी हातानं खूण केली. पालेर्मोजवळ पियाना देल्यी आल्बानेसी नावाचं गाव आहे, पंधराव्या शतकात आलेल्या अल्बानियन निर्वासितांनी वसवलेलं. तिथले कान्नोली आकारानं हातभर वाटतात, आणि तेही मागितल्यावरच भरतात. पूर्वेकडे, एटना ज्वालामुखीच्या बाजूला, टोकांवर ब्रोंतेच्या पिस्त्याची भुकटी असते. सजावट गावोगाव बदलते, आयत्या वेळी भरण्याचा नियम बदलत नाही. तुमच्या घरी वीस पाहुणे असतील तर वीस रिकामी कवचं आणि सारणाची पिशवी टेबलावर ठेवा. प्रत्येकानं आपापला भरावा.

नेपल्सचं उत्तर वेगळं, आणि मला ते जास्त चतुर वाटतं. स्फोल्यातेल्लाची कहाणी सुरू होते अमाल्फीच्या किनाऱ्यावर, कोंका देई मारीनी गावातल्या सांता रोसा मठात. मठात शिजवलेला रवा उरला आणि जोगिणींनी त्याचं सारण केलं, असं सांगतात. पुढे नेपल्समध्ये पास्क्वाले पिंताउरो यानं 1818 च्या सुमारास व्हिया तोलेदोवरच्या आपल्या दुकानात ती विकायला सुरुवात केली आणि ती शहराची झाली. तिचे दोन प्रकार. ‘फ्रोल्ला’ म्हणजे खुसखुशीत पारीची, सोपी. ‘रिच्चा’ म्हणजे कुरळी, शिंपल्यासारखी, शेकडो पापुद्र्यांची. मी रिच्चाबद्दलच बोलणार.

सारणात रिकोत्ताबरोबर शिजवलेला रवा असतो. पाव लिटर पाणी, चिमूट मीठ, 80 ग्रॅम रवा, चार-पाच मिनिटं शिजवून ताटात पसरून पूर्ण गार करायचा. मग 200 ग्रॅम निथळलेला रिकोत्ता, 130 ग्रॅम साखर, एक अंडं, दालचिनी, पाकवलेली साल. तिथला रवा ड्युरम गव्हाचा. आपला बन्सी गहू त्याच जातीचा, म्हणून बन्सी रवा आणला तर काहीच बदलावं लागत नाही. रवा पाणी धरून ठेवतो. भट्टीत रिकोत्ता पाणी सोडू लागला की रवा ते आत घेतो, पारीपर्यंत पोहोचू देत नाही.

पारीत हेच काम करते चरबी. 500 ग्रॅम मैदा, 200 मिलिलिटर पाणी, 10 ग्रॅम मीठ, एक मोठा चमचा मध. हे पीठ इतकं घट्ट की सुरुवातीला गोळा होणारच नाही असं वाटतं. पाणी वाढवू नका. अर्धा तास झाकून पुन्हा मळलं की ते जमतं. मग लांब पट्टी लाटायची. शेवया-पास्ता लाटायचं हातयंत्र असेल तर उत्तम. पट्टी ओट्यावर ठेवून हातानं रुंदीला ताणायची, खालचा ओटा दिसू लागेपर्यंत. त्यावर चरबीचा पातळ हात फिरवायचा आणि घट्ट वळकटी करत जायचं. एक पट्टी संपली की तिच्या टोकाला दुसरी. शेवटी सहा-सात सेंटिमीटर जाडीचा रोल होतो.

चिरोटे करणाऱ्या बाईला मी वेगळं काय सांगू? साटा लावायचा, वळकटी करायची, तुकडे पाडायचे, हे हात तिच्याकडे आहेतच. तुपात कॉर्नफ्लोअर फेसून केलेला साटा इथेही मी वापरते, कारण आपल्या हवेत नुसतं तूप वितळून वाहतं. फरक पुढे पडतो. चिरोटा आपण लाटतो, इथे लाटणं वर्ज्य.

रोल रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापायच्या. बोटांना तूप लावून दोन्ही अंगठे चकतीच्या मध्यावर ठेवायचे आणि मधून कडेकडे ढकलत जायचं. थर एकमेकांवरून सरकतात आणि चकतीचा खोलगट द्रोण होतो. ही सरक हातात यायला मला चार खेपा लागल्या. घाई केली की मध्ये भोक पडतं. द्रोणात मोठा चमचाभर सारण, कडा नुसत्या जवळ आणायच्या, आणि 200 अंशांवर 25 ते 30 मिनिटं. प्रत्येक थरामध्ये चरबी असल्यानं वाफ थरांना सुटं करते, आणि सारणाचा ओलावा एका थरातून दुसऱ्यात सहज जात नाही.

मागून कोणी तरी विचारलं की हे आधी करून ठेवता येतं का. कान्नोलोची कवचं घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर राहतात, सारण दोन दिवस फ्रिजमध्ये. स्फोल्यातेल्ला भरून, न भाजता, ताटात सुट्या गोठवायच्या आणि मग पिशवीत भरायच्या. खायच्या दिवशी फ्रीझरमधून थेट ओव्हनमध्ये, पाच-सात मिनिटं जास्त द्यायची. वितळू देऊ नका, रिकोत्ता तेवढ्यातच पाणी सोडतो.