आयसीयूतून आलेल्या लेकराचा थायरॉईड रिपोर्ट

नमस्कार. आधी हा कागद बघा.

(रिपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरून)

नाव मी झाकलंय. चार वर्षांची मुलगी. टी-थ्री कमी, पुढं खाली तोंड केलेला बाण. टी-फोर काठावर. टीएसएच नॉर्मल. आणि कोपऱ्यात पेनानं लिहिलंय, 'थायरॉईड?' या एका प्रश्नचिन्हानं त्या घराची पंधरा दिवस झोप उडवली होती.

पोरगी कागल तालुक्यातली. न्यूमोनिया झाला, इन्फेक्शन रक्तात गेलं, नऊ दिवस आयसीयूत काढले आणि बरी होऊन घरी आली. मग कुणीतरी या कागदावरून रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी लिहून दिली. आई माझ्यासमोर बसली ती रडतच. "मॅडम, लेकरू वाचलं, पण जन्माचं औषध मागं लागलं." शेजारी सासूबाई. त्या म्हणाल्या, "आमच्यात कुणालाच थायरॉईड न्हाई. मग हे आलं कुठनं?"

सासूबाईंचा प्रश्न अगदी बरोबर होता. आजचा व्हिडिओ त्यासाठीच.

आपण गुऱ्हाळावर जाऊ, तिथं हे लवकर कळतं. गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉईड ग्रंथी असते. ती मुख्यतः टी-फोर बनवते. टी-फोर म्हणजे चुलवाणाशेजारी, रस उकळायच्या भट्टीशेजारी, रचून ठेवलेलं वाळकं चिपाड, रस काढून उरलेला ऊस. रचलेल्या चिपाडानं रस उकळत नाही, ते पेटावं लागतं. टी-थ्री म्हणजे तो जाळ. टी-फोरमध्ये आयोडीनचे चार अणू असतात, त्यातला ठरावीक एक निघाला की टी-थ्री तयार होतं. हे काम बहुतेक गळ्याच्या बाहेर चालतं, यकृतात, मूत्रपिंडात. शरीरातलं सुमारे 80 टक्के टी-थ्री असं बाहेरच बनतं. हृदयाचे ठोके, अंगाची ऊब, आतड्याची हालचाल, मुलांची वाढ, सगळी काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, या जाळावर चढलेली आहे.

जाळ कमी पडला की गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, हाक देतो, "घाल रं चिपाड!" आपल्या शरीरातला गुळव्या म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी. तिची हाक म्हणजे टीएसएच.

आता मूल गंभीर आजारी पडतं. जंतूंशी लढताना पांढऱ्या पेशी जी रसायनं सोडतात, तीच हे चिपाड पेटवणारं एन्झाइम मंद करतात. काही तासांत टी-थ्री उतरायला लागतं. त्यात भर म्हणजे टी-फोरमधून भलताच अणू निघतो आणि तयार होतं रिव्हर्स टी-थ्री. हे ओलं चिपाड. चुलवाणात गेलं तरी पेटत नाही. आजार लांबला, वाढला, की टी-फोरही खाली येतं.

आणि गुळव्या? तो गप्प. इथंच सगळी मेख आहे. ग्रंथीच बिघडली असती तर त्यानं ओरडून गुऱ्हाळ डोक्यावर घेतलं असतं, टीएसएच 20, 50, कधी 100 च्याही वर गेलं असतं. इथं जाळ उतरलाय आणि तो काहीच बोलत नाही, कारण तोही त्याच आजारानं दबलाय. आयसीयूतली काही औषधं त्याचा आवाज आणखी दाबतात. बीपी टिकवायला लावलेलं डोपामिन, तसंच स्टेरॉइड. ती औषधं त्या वेळी लागतातच, त्यांना दोष देऊ नका. फक्त रिपोर्ट वाचताना ती लक्षात हवीत.

या अवस्थेला डॉक्टर 'सिक युथायरॉइड सिंड्रोम' म्हणतात. आजारी आहे ते मूल, थायरॉईड नाही. निरोगी माणसानं दोन दिवस कडक उपवास केला तरी त्याचं टी-थ्री खाली येतं. शरीर खर्च आवरतं. मात्र खूप गंभीर आजारात हे आवरणं कितपत भल्याचं आणि कितपत नुकसानीचं, यावर डॉक्टरांत आजही दोन मतं आहेत.

टी-थ्री आणि टी-फोर जितकं खाली, तितका आजार सहसा जास्त गंभीर, हे खरं आहे. मग बाहेरून हार्मोन देऊन आकडा वर का आणत नाही? कारण तो आकडा आजाराचं माप आहे. रक्तातल्या इन्फेक्शननं गंभीर झालेल्या मुलांना असं हार्मोन दिल्यानं जीव वाचतो, हे सिद्ध झालेलं नाही. नको असताना दिलेलं हार्मोन आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी पळवू शकतं. म्हणून तसाच दाट संशय असल्याशिवाय आयसीयूत थायरॉईडची तपासणी करूच नये, या मताची मी आहे.

बरं होताना आणखी एक फसवी गोष्ट होते. गुळव्याला पुन्हा कंठ फुटतो आणि टीएसएच काही दिवस नेहमीपेक्षा वर जातं, कधी 20 पर्यंतही. नेमका त्या आठवड्यात रिपोर्ट काढला की पुन्हा घरात रडारड. म्हणून घाई नको. मूल पूर्ण बरं झाल्यावर किमान सहा आठवडे जाऊ द्या, मग तपासा.

या पोरीची गोळी मी थांबवली आणि सहा आठवड्यांनी रक्त घेतलं. तिन्ही आकडे जागेवर. सासूबाईंनी कागद खिडकीपाशी नेला, बोटानं ओळ धरून खालपर्यंत बघितला. बाण कुठंच नव्हता.

पण म्हणून कुणी मनानं गोळी बंद करू नका. ज्या मुलाला आधीपासून खरा थायरॉईड आहे, त्याची गोळी आयसीयूतही चालूच राहिली पाहिजे. ॲडमिट करतानाच डॉक्टरांना सांगा. गळ्याला गाठ किंवा सूज असेल, उंची वाढत नसेल, डाऊन सिंड्रोम असेल, तर रिपोर्ट गांभीर्यानं घ्यायचा.

नवजात बाळाचं तर वेगळंच. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन थायरॉईडची तपासणी करून घ्याच. जन्मजात कमतरता असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू व्हायला हवं, कारण मेंदूची घडण थांबून राहत नाही. कमी दिवसांचं किंवा आजारी बाळ असेल, तर पहिला रिपोर्ट चांगला आला तरी तपासणी पुन्हा लागते. अशा बाळाच्या कातडीवर आयोडीनचं औषध मोठ्या भागावर वारंवार लावलं, तर त्याची ग्रंथी खरोखर मंदावू शकते.

तुम्हाला घाई करायचीच असेल ना, ती इन्फेक्शन ओळखताना करा. पावसाळ्यात, पंचगंगा पात्राबाहेर आली की माझ्याकडं तापाच्या लेकरांची रांग लागते, आणि त्यातली काही उशिरा आलेली असतात. ताप आहे पण हातपाय गार. मूल मलूल पडलंय, हाक मारली तर बघत नाही. सात-आठ तास लघवी नाही. श्वास घेताना पोट उडतंय. श्वास मोजा, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60 किंवा जास्त, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांच्या आत 40 म्हणजे श्वास जोरात चाललाय. छातीवर बोट पाच सेकंद दाबून सोडा. पांढरा झालेला डाग पुन्हा लाल व्हायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल आहे, नाहीतर जवळचं जे मोठं हॉस्पिटल असेल ते गाठा.

आणि तुमच्या फाइलमध्ये असा आयसीयूतला थायरॉईड रिपोर्ट असेल, तर फाडू नका. त्याच्यावर पेनानं लिहून ठेवा: कोणत्या तारखेला रक्त घेतलं, तेव्हा मूल कितव्या दिवशी आयसीयूत होतं, कोणती औषधं चालू होती. पुढच्या डॉक्टरला तो कागद नीट वाचता येईल.