धुरापासून उशीपर्यंत

नमस्कार मंडळी. समोर काही वायरमन बसले आहेत, आणि काही जण असे आहेत ज्यांच्या घराचं काम सध्या चालू आहे. दोघांशीही मला एकाच विषयावर बोलायचं आहे. धुराचा किंवा गॅसचा अलार्म म्हणजे छताला लावलेली डबी नव्हे. तो एक रस्ता आहे. त्याचं एक टोक जिथे धूर उठतो तिथे असतं आणि दुसरं झोपलेल्या माणसाच्या उशीपाशी. मध्ये कुठेही हा रस्ता तुटला, तर उत्तमातलं उत्तम यंत्रही कामाचं नाही.

“आग लागली तर वास येईलच की,” असं मला अनेकांनी सांगितलं आहे. जागेपणी येईलही. पण झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईल, यावर विसंबता येत नाही. त्यात धुरामध्ये कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो, तो माणसाला आणखी गुंगीत नेतो. कान मात्र झोपेतही बऱ्यापैकी जागा असतो. म्हणून अलार्मचं काम मी असं समजतो: नाकाला जे जमत नाही, ते तो कानाच्या हवाली करतो.

आता हे अलार्म एकाच जातीचे नसतात. धुराचा वेगळा, स्वयंपाकाच्या गॅसचा वेगळा आणि कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. दुकानात तिन्ही डब्या सारख्याच पांढऱ्या, सारख्याच गोल किंवा चौकोनी दिसतात, आणि तिथेच घोटाळा होतो. गॅसचा अलार्म लावला म्हणून धुराची काळजी मिटली, असं समजून निवांत झोपलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. गॅसच्या अलार्मला धूर कळत नाही. मोनॉक्साइडच्या अलार्मला सिलिंडरची गळती कळत नाही. विकत घेताना खोक्यावर नेमकं काय लिहिलं आहे ते वाचा.

धुराच्या अलार्मची गोष्ट मला फार आवडते. १९३०च्या दशकात वॉल्टर येगर नावाचे स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं उपकरण बनवायच्या मागे होते. ते काही जमेना. असं सांगतात, की कंटाळून त्यांनी सिगारेट पेटवली आणि उपकरणाचा काटा हलला. वायू पकडला गेला नव्हता, धूर पकडला गेला होता. आयनीकरणाचे अलार्म याच तत्त्वावर चालतात. आत अमेरिसियम २४१चा अगदी सूक्ष्म अंश असतो. त्याच्या किरणांमुळे हवेतून बारीकसा विद्युतप्रवाह वाहत राहतो, आणि धुराचे कण आत शिरले की तो मंदावतो. दुसरा प्रकार प्रकाशावर चालतो. खिडकीतून कवडसा आत आला की एरवी न दिसणारी धूळ त्यात चमकू लागते, ते आठवा. फोटोइलेक्ट्रिक अलार्मच्या आत अंधारी कोठी असते. तिच्यात एका बाजूने प्रकाश सोडलेला असतो आणि तो पाहणारा ‘डोळा’ मुद्दाम तिरका बसवलेला असतो. धूर नसेल तर डोळ्याला काहीच दिसत नाही. धूर आला की प्रकाश विखुरतो आणि डोळा जागा होतो.

भडकून पेटणाऱ्या आगीत कण बारीक असतात, तिथे आयनीकरणाचा अलार्म लवकर बोलतो. गादी, सोफा, वायरचं आवरण असं काही तासन्तास धुमसत राहिलं तर कण मोठे असतात, आणि तिथे फोटोइलेक्ट्रिक पुढे असतो. झोपायच्या खोल्या आणि त्यांच्या बाहेरचा पॅसेज यांसाठी मी फोटोइलेक्ट्रिकच सुचवतो. स्वयंपाकघरात दोन्हीही नकोत. तापलेल्या तेलाच्या धुराने अलार्म चार वेळा उगाच वाजला, की पाचव्या वेळी घरातलं कोणीतरी बॅटरी काढून ठेवतं, आणि मग खऱ्या आगीच्या वेळी तो मुका असतो. स्वयंपाकघरात उष्णतेचा अलार्म लावा. तो साधारण ५८ अंश सेल्सिअसला वाजतो, धुराकडे लक्षच देत नाही. धुराचा अलार्म शेगडीपासून निदान ३ मीटर लांब असू द्या.

जागा ठरवताना भिंतीचा रंग पाहू नका, आयता पॉइंट कुठे आहे तेही पाहू नका. धूर कसा जाईल ते पाहा. गरम धूर सरळ वर जातो, छताला थडकतो आणि छतालगत पसरतो. म्हणून अलार्म छताच्या मध्याजवळ हवा. छत आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात हवा कोंडलेली असते, धूर तिथे उशिरा पोचतो. तेव्हा भिंतीपासून निदान १० सेंटिमीटर सोडा. छताच्या पंख्याच्या पात्यांच्या टोकापासून ९० सेंटिमीटर तरी अंतर ठेवा, नाहीतर पंखा धूर उडवून लावतो. बाथरूमच्या दारासमोर वाफेने तो उगाच वाजेल. प्रत्येक झोपायच्या खोलीत एक, खोल्यांच्या बाहेर एक, आणि प्रत्येक मजल्यावर निदान एक, एवढं तर हवंच.

गॅसच्या बाबतीत मात्र उंचीचं गणित बदलतं, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. ते हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, त्यामुळे गळाले की पाण्यासारखे जमिनीवर पसरतात. पाइपने येणारा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेच्या जवळजवळ निम्म्याच वजनाचा, तो वर चढतो. म्हणून सिलिंडर असेल तर अलार्म जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आत, पाइपचा गॅस असेल तर छताखाली ३० सेंटिमीटरच्या आत. एका घरात मला हा अलार्म दारावर, छताजवळ लावलेला दिसला, कारण वायरचा पॉइंट तिथे होता. शेगडी सिलिंडरवर चालणारी. एका सकाळी खाली पडलेलं काही उचलायला घरातल्या बाई वाकल्या आणि त्यांना वास आला. रबरी नळी चिरली होती. वर अलार्मचा हिरवा दिवा शांतपणे चालू होता. यंत्रात काही दोष नव्हता, गॅस त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तेव्हापासून मी आधी विचारतो, “गॅस कुठला?” आणि मगच ड्रिल काढतो.

त्यांना जो वास आला, तो मुळात गॅसचा नसतो. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत वास नसलेला नैसर्गिक वायू इमारतीखाली साठला आणि स्फोट झाला. जवळजवळ ३०० जण गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसमध्ये वासाचं द्रव्य मिसळण्याचे कायदे आले. सिलिंडरचा गॅस हवेत साधारण २ टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो, मिथेनला ५ टक्के लागतात. चांगला अलार्म या मर्यादेच्या पाचव्या हिश्शाच्या आतच ओरडतो, म्हणजे हाताशी वेळ राहतो.

एक कळकळीची विनंती: लायटरचा गॅस सोडून अलार्म तपासू नका. वायरमन मंडळींमध्ये ही सवय सर्रास आहे. त्या भपकाऱ्याने सेन्सर बधिर होऊ शकतो. सिलिकॉन सीलंटची वाफ, रंगाचे थिनर, फवारे यांचंही त्याला वावडं आहे. घराचं रंगकाम संपल्यावर शेवटी अलार्म लावा.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याचा अलार्म मुद्दाम वेळ मोजतो: युरोपीय मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग असतील तर ६० ते ९० मिनिटांनी, ३०० भाग असतील तर ३ मिनिटांच्या आत. म्हणून “लगेच वाजला नाही, बिघडला असेल” असं समजू नका. गॅस गीझर किंवा जळणावर चालणारं काहीही असेल त्या खोलीत आणि झोपायच्या खोलीत तो हवा.

आता वायरिंग. हे काम परवानाधारक वायरमनचंच आहे, पण घरमालकालाही समजलं पाहिजे. सुटा बॅटरीवाला अलार्म तो लावलेल्या खोलीत ओरडतो. तळमजल्यावर धूर आणि तुम्ही वर दार लावून झोपलेले असाल, तर दोन बंद दारं तो आवाज गिळून टाकतात. म्हणून अलार्म एकमेकांना जोडलेले हवेत: एकाने धूर पाहिला की सगळे ओरडले पाहिजेत. यासाठी फेज आणि न्यूट्रल यांच्याबरोबर एक तिसरी, निरोपाची वायर सगळ्या अलार्ममधून फिरवतात. या वायरला अर्थिंगचा रंग कधीही देऊ नका, आणि अर्थिंगची वायर निरोपासाठी वापरू नका. पुढे कोणीतरी तो बोर्ड उघडणार आहे, आणि तो रंगावर विश्वास ठेवणार आहे. निरोपाचा सिग्नल बहुधा न्यूट्रलमधून परततो, म्हणून सगळे अलार्म एकाच सर्किटवर असले पाहिजेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे अलार्म एकमेकांना जोडू नका. किती जोडता येतात, ते सोबतच्या पत्रकात असतं.

सर्किट कुठलं घ्यायचं? स्वतंत्र एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच, ऐटबाज दिसतो, पण तो पडला तर कोणाच्या लक्षात येतं? मला रोज वापरातल्या दिव्यांचं सर्किट जास्त पसंत आहे. ते पडलं की घर अंधारात जातं, आणि पाच मिनिटांत कोणीतरी एमसीबी वर करतं. मात्र मध्ये भिंतीवरचा स्विच नको, डिमरही नको. बॅटरीचा आधार तर हवाच, कारण शॉर्टसर्किटने लागलेली आग सगळ्यात आधी वीजच नेते.

मेगरने, म्हणजे वायरचं आवरण धड आहे का ते जास्त व्होल्टेज देऊन पाहणाऱ्या यंत्राने, वायरिंग तपासताना अलार्म काढून ठेवा, ५०० व्होल्टने त्यांतलं सर्किट जळू शकतं. अलार्ममागचं कंड्युइटचं, म्हणजे वायरच्या नळीचं, भोक बंद करा. तिथून येणारी हवेची झुळूक धुराला कोठीत शिरू देत नाही. आणि ड्रिलिंग संपेपर्यंत धुळीची टोपी काढू नका. काम झाल्यावर मात्र ती आठवणीने काढा.

गॅसच्या अलार्मला सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेने चालणारी झडप, जोडता येतो, गळती कळताच तो गॅस तोडतो. हाताने पुन्हा चालू करावा लागेल असाच व्हॉल्व्ह घ्या. आपोआप उघडणारा असेल, तर विझलेल्या शेगडीची कळ उघडी असताना गॅस पुन्हा वाहू लागेल.

गॅसचा अलार्म वाजला तर विजेचं कुठलंही बटण दाबू नका. चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. शेगडी आणि सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा, माणसांना बाहेर काढा, फोन बाहेरूनच करा.

बॅटरी उतरली की अलार्म मिनिटाभराने एकदा टिकटिकतो, आणि नेमका पहाटे, कारण गारव्यात बॅटरीचा व्होल्टेज आणखी खाली येतो. ती काढून फेकू नका, बदला. धुराचा अलार्म १० वर्षांनी पूर्ण बदलायचा. गॅसचा आणि मोनॉक्साइडचा त्याच्याही आधी, पाठीवर छापलेल्या तारखेप्रमाणे. महिन्यातून एकदा बटण दाबायचं.

काम घरमालकाच्या ताब्यात देताना मी आणखी एक चाचणी करतो. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला त्यांच्या पलंगावर आडवं व्हायला सांगतो, दार लावतो, पंखा पूर्ण वेगात ठेवतो. मग सर्वांत लांबच्या अलार्मचं बटण दाबतो. त्यानंतर एमसीबी पाडतो आणि नुसत्या बॅटरीवर पुन्हा दाबतो. उतारवयात बारीक, चिरका आवाज ऐकू येईनासा होतो. अशांसाठी ५२० हर्ट्झचा जाड आवाज काढणारे भोंगे मिळतात, आणि पलंग हलवून जागं करणारे पॅडही असतात. दार उघडून मी आत जातो आणि विचारतो, “आलं का ऐकू?” दोन्ही वेळा “हो” आलं, तरच माझं सामान आवरतो.