शाबासकी देणारा क्वार्टरबॅक

नमस्कार मंडळी, काय म्हणताय, जेवणं झाली का? आज जरा लांबचा विषय काढलाय, अमेरिकन फुटबॉलचा, आणि मला माहितीये की तुमच्यातले निम्मे लोक आत्ताच म्हणाले असतील की हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जातात त्याला फुटबॉल का म्हणायचं, पाय तर बॉलला फारसा लागतच नाही. बरोबर आहे तुमचं. पण सात-आठ मिनिटं ऐका, कारण मला खेळापेक्षा एका माणसाबद्दल बोलायचंय. अँड्र्यू लक. हो, आडनावच लक, आणि त्यावर करता येतील तेवढे सगळे विनोद अमेरिकेत आधीच करून झालेत, त्यामुळे मी करत नाही.

आधी क्वार्टरबॅक म्हणजे कोण ते पटकन सांगतो. टीममध्ये अकरा जण, बॉल खेळात आला की तो पहिल्यांदा बहुतेक याच्याच हातात येतो, आणि मग याच्याकडे असतात दोन-तीन सेकंद, तेवढ्यात कुणाला पास द्यायचा ते ठरवायचं. आणि ते ठरवत असताना समोरून सव्वाशे-सव्वाशे किलोची माणसं याला आडवा करायला धावत येत असतात. पास जायच्या आत आडवा केला की त्याला म्हणतात सॅक. कबड्डीत रेडरवर चार जण पडतात ना, तसं, फक्त इथे रेडरचं लक्ष भलतीकडे असतं, लांब धावणाऱ्या जोडीदाराकडे.

तर हा लक काय करायचा, त्याला कुणी असं जोरात आपटलं की उठता उठता त्यालाच म्हणायचा, वा, काय मस्त हिट होता! खरंच. विरोधी टीमचे लोक चक्रावून जायचे, त्यांना वाटायचं हा टोमणा मारतोय का, की याच्या डोक्याला मार लागलाय. शिवी दिली तर उलट शिवी देता येते हो, शाबासकीला काय उत्तर देणार? पण तो मनापासून म्हणायचा असं त्याच्याशी खेळलेले सगळे सांगतात. समोरच्याने त्याचं काम चांगलं केलं, म्हणून शाबास, एवढं साधं.

घरातच खेळ होता त्याच्या. वडील ऑलिव्हर लक, ते पण क्वार्टरबॅक, ह्यूस्टनच्या टीमचे, नंतर युरोपात हा खेळ रुजवायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून पोराचं लहानपण फ्रँकफर्ट आणि लंडनमध्ये गेलं. मग अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ. तिथे 2011 लाच प्रोफेशनल व्हायची संधी होती, प्रोफेशनल टीम दरवर्षी कॉलेजची पोरं नंबराने निवडतात त्यात पहिल्या नंबरवर उचलला जाणार हे जवळपास नक्की होतं, आणि हा म्हणाला नाही, मला डिग्री पूर्ण करायचीये. आर्किटेक्चरल डिझाईनची. आपल्याकडे एखाद्या आईला हे ऐकून भरून येईल! 2012 ला डिग्री घेतली, आणि त्याच वर्षी इंडियानापोलिस कोल्ट्सने त्याला पहिल्या नंबरवरच घेतलं, तेसुद्धा पेटन मॅनिंगच्या जागी, म्हणजे त्या शहरातल्या देवाच्या जागी.

आणि जमलं त्याला. पहिले तिन्ही सीझन अकरा विजय, पाच पराभव. 4 जानेवारी 2014 ची कॅन्सस सिटीविरुद्धची प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीची मॅच तर जमल्यास बघाच. कोल्ट्स 10-38 ने मागे, लकनेच पास विरोधकांच्या हातात दिलेले, लोक घरी जायच्या तयारीत. मग हळूहळू अंतर कमी होत गेलं, आणि एकदा काय झालं, कोल्ट्सचा माणूस अगदी रेषेजवळ जाऊन बॉल सोडून बसला, बॉल उसळून आला तो थेट लककडे, याने एका सेकंदाचा विचार न करता उचलला आणि स्वतःच सूर मारला, टचडाऊन, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपार! शेवटी 45-44 ने जिंकले. आडनावाचा विनोद करणार नाही म्हणालो होतो, पण या बॉलपुरती तरी सूट द्या.

आता दुसरी बाजू. 2015 मध्ये आधी खांदा गेला. मग नोव्हेंबरमध्ये डेन्व्हरविरुद्ध, म्हणजे त्याच पेटन मॅनिंगच्या नव्या टीमविरुद्ध, अशी धडक बसली की किडनीला जखम झाली आणि पोटाचा स्नायू फाटला, आणि हा तरीही मॅच संपेपर्यंत खेळला, जिंकला सुद्धा. हे सांगताना कॉमेंट्रीवाल्यांचा आवाज चढतो, वाघ आहे वाघ वगैरे, मला मात्र आता ते ऐकवत नाही. 2016 पूर्ण दुखऱ्या खांद्यावर काढला, प्रॅक्टिससुद्धा धड करता यायची नाही. 2017 च्या जानेवारीत ऑपरेशन आणि ते अख्खं वर्ष मैदानाबाहेर, उपचारासाठी नेदरलँड्सला जाऊन राहिला. 2018 मध्ये परत आला आणि 39 टचडाऊन पास टाकले, पुनरागमनाचं बक्षीस मिळालं, सगळे म्हणाले सुटलो एकदाचे. 2019 ला पोटरी आणि घोटा.

आणि मग 24 ऑगस्ट 2019. सीझन सुरू व्हायला दोन आठवडे, सरावाची मॅच चालू, लक साध्या टीशर्टमध्ये मैदानाच्या कडेला उभा, आणि बातमी फुटली की हा निवृत्त होतोय. वय 29. तो दुसऱ्या दिवशी स्वतः जाहीर करणार होता, पण मॅच चालू असतानाच प्रेक्षकांच्या मोबाईलवर बातमी आली, आणि तो मैदानातून जायला लागला तेव्हा त्याच्याच शहराने त्याची हुर्यो उडवली. त्याच रात्री माईकसमोर उभा राहिला, डोळे भरलेले, म्हणाला की दुखापत, वेदना, उपचार, परत दुखापत, या चक्राने माझा खेळातला आनंदच काढून घेतला, आणि 2016 नंतर मी स्वतःला शब्द दिला होता की परत त्या वाटेने जायचं नाही. हुर्यो ऐकू आली का विचारलं तर सरळ म्हणाला, हो, लागलं मनाला.

आपल्याकडे ती बातमी आली तेव्हा रविवार उजाडला होता, 25 तारीख. मी चहा घेत वाचली आणि विसरलो, कारण तो रविवारच तसा होता, आठवतोय? स्वित्झर्लंडमध्ये सिंधू वर्ल्ड चॅम्पियन झाली, आणि लीड्सला बेन स्टोक्सने शेवटच्या विकेटला घेऊन नाबाद 135 मारले. मग 2021 मध्ये याच स्टोक्सने मन थकलंय म्हणून क्रिकेटमधून ब्रेक घेतला आणि तेव्हा कुठे मला लक आठवला. स्टोक्सला बहुतेक लोक म्हणाले घे बाबा विश्रांती. लकला दोनच वर्षं आधी बऱ्याच जणांनी पळपुटा ठरवलं होतं. प्रेक्षकांना मी फार दोष देत नाही हां, सीझनची तिकिटं काढून बसलेला माणूस चिडणारच. पण आपण निवृत्तीबद्दल जे नेहमी म्हणतो ना, लोक "का?" विचारतायत तोवर सोडावं, ते इथे अक्षरशः घडलं, आणि तो "का?" ऐकायला फार काही गोड नव्हता.

बरं, त्याला संत वगैरे करायची पण गरज नाही. पुढे त्याने स्वतःच मोकळेपणाने सांगितलं की त्या दुखापतीच्या काळात तो स्वतःतच बुडालेला, घुमा, बायकोला सोबत राहायला अवघड असा माणूस झाला होता. क्वार्टरबॅकने सगळं ताब्यात ठेवायचं असतं मैदानावर, आणि तीच सवय घरात आली. मला हे त्या किडनीच्या गोष्टीपेक्षा जास्त धाडसाचं वाटतं. मैदानावर विरोधकाला शाबास म्हणणारा घरी काय करत होता, हे सांगायला कुणी त्याला भाग पाडलं नव्हतं.

सोडल्यावर मुलगी झाली, तो परत स्टॅनफर्डला गेला, शिक्षणशास्त्रात मास्टर्स केलं, पालो आल्टोच्या हायस्कूलमध्ये पोरांना फुटबॉल शिकवायला जायचा. कॅमेऱ्यासमोर बसून तज्ज्ञगिरी नाही की काही नाही. पुस्तकांचं वेड आधीपासूनच, खेळत असतानाच त्याने वाचकांचा एक क्लब काढला होता. आणि 2024 च्या नोव्हेंबरच्या शेवटी स्टॅनफर्डने त्यालाच फुटबॉलचा जनरल मॅनेजर केलं, म्हणजे टीम कशी बांधायची, कोच कोण, सगळं याच्या हातात.

पुढच्याच मार्चमध्ये त्याने असलेल्या कोचला काढलं. नवा माणूस लगेच हवा होता, तर त्याने बोलावलं फ्रँक राईकला. हा राईक म्हणजे 2019 मध्ये इंडियानापोलिसचा कोच, ज्याची सगळी आखणी लकभोवती होती आणि ज्याला सीझन दोन आठवड्यांवर असताना लक सोडून गेला होता. राईक एका वर्षासाठी आला.