विल्सन : आडनावाचे नाव होताना

आत्याने बाळाच्या कानाशी तोंड नेले आहे आणि तिच्या पाठीवर बायकांचे धपाटे पडत आहेत. जालन्यातील या ख्रिस्ती घरात बाप्तिस्मा चर्चमध्ये होतो, बारसे मात्र मराठवाड्यातील कुठल्याही घरासारखे पाळण्यापाशीच होते. कानात सांगितलेले नाव आहे ‘विल्सन’. आजीच्या तोंडी त्याचे आताच ‘इल्सन’ झाले आहे, आणि बहुधा तेच टिकेल.

हे मुळात आडनाव, आणि त्याचा अर्थ ‘विलचा मुलगा’ एवढाच. ‘विल’ हे विल्यमचे घरगुती रूप. विल्यम हे जर्मानिक भाषांतून आलेले जोडनाव असून त्यातील पहिल्या भागाचा अर्थ इच्छा किंवा निर्धार, तर दुसऱ्याचा शिरस्त्राण असा होतो. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढील पिढ्यांत हे नाव तिथे इतके पसरले की, एकाच गावातील अनेक विल्यम वेगळे ओळखण्यासाठी बापाचे नाव, गाव, धंदा असे काहीतरी सोबत जोडावेच लागले. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये स्कँडिनेव्हियन वळणामुळे बापाच्या नावापुढे ‘सन’ लावण्याची रीत विशेष रुजली, आणि मध्ययुग सरता सरता तेच पिढीजात आडनाव झाले.

तिकडे आडनाव पाळण्यापर्यंत पोचले, म्हणजे पहिले नाव झाले, ते बहुतेकदा आईच्या माहेरामुळे. वतनदार घराण्यांत आईचे माहेरचे आडनाव मुलाला नाव म्हणून दिले जाई. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या नावातील ‘वुड्रो’ हे असेच त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव आहे.

मराठवाड्यापर्यंतची वाट वेगळी आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले, आणि त्यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. त्याच स्कॉटिश मिशनमधून पुढे आलेले नारायण शेषाद्री १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी, निजामाच्या राज्यात मिळालेल्या जमिनीवर, जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसवली. ती वसाहत आसपासच्या गावांतील कष्टकरी माणसांची होती, हे मुद्दाम सांगायला हवे. मिशनच्या अशा सहवासातूनच विल्सन, नेल्सन, जॅक्सन ही परक्या मुलखातील आडनावे इथल्या घरांत पहिली नावे होऊन नांदू लागली.

मराठी रीत बापाला नावाच्या मधोमध बसवते, त्यामुळे या बाळाच्या पूर्ण नावात बाप दोनदा येणार आहे : एक कुठल्या काळचा विल, आणि दुसरा दाराशी उभा राहून पाहुण्यांच्या हातावर घुगऱ्या ठेवणारा.

पुढे अशा नावामुळे ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे आपल्याच जिल्ह्यात विचारले जाते, आणि शाळेच्या दाखल्यावर ‘विलसन’ उतरले की ते दुरुस्त करून घेण्यासाठी कागदपत्रे घेऊन चकरा माराव्या लागतात.