आधी उत्तर, मग फॉर्म्युला

मला विषय दिलाय जागतिक आर्थिक कारभार आणि पब्लिक पॉलिसी यातलं अकॅडेमिक करिअर, आणि खरं सांगू का, हे नाव ऐकून मलाच दडपण येतं, कारण यातला एकेक शब्द एवढा मोठा आणि माझी वीसेक वर्षं गेली ती एकदम बारीकसारीक गोष्टींत, म्हणजे परिशिष्टं, तळटीपा, मतांचे टक्के वगैरे. नातेवाईक विचारतात तू नक्की करतेस काय, तर मी सांगते देशादेशांच्या भांडणांचे कागद वाचते. पुढचा प्रश्न सहसा येत नाही.

तर मोठ्या शब्दांनी सुरुवात नको, एक किस्साच सांगते. १९४३ सालचा. अमेरिकेच्या ट्रेझरीत रेमंड माइकसेल नावाचा एक तरुण इकॉनॉमिस्ट होता. त्याला त्याच्या साहेबाने, हॅरी डेक्स्टर व्हाइटने, सांगितलं की आपण जो नवीन फंड काढतोय (म्हणजे पुढे जो आयएमएफ, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, झाला तो) त्यात कुठल्या देशाचा किती कोटा, म्हणजे फंडात भरायचा वाटा, हे ठरवायला फॉर्म्युला तयार कर. आता फॉर्म्युला म्हटलं की आपल्याला वाटतं आकडे घालायचे आणि उत्तर काढायचं, पण इथे उत्तर साहेबाने आधीच देऊन टाकलं होतं. अमेरिकेला साधारण २.९ अब्ज डॉलर, ब्रिटन आणि त्याच्या वसाहती मिळून त्याच्या निम्मे, त्याच्या जरा खाली सोव्हिएत युनियन, मग चीन. बसव आता यात गणित! माइकसेलने बसवलं. राष्ट्रीय उत्पन्न घेतलं, सोन्या-डॉलरचा साठा घेतला, आयात-निर्यात घेतली, प्रत्येकाला वजन दिलं, आकडे निवडताना थोडं स्वातंत्र्यही घेतलं, आणि हे सगळं त्याने स्वतःच पन्नास वर्षांनी लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला कळलं. जुलै १९४४ मध्ये हा फंड ठरवायला अमेरिकेत ब्रेटन वुड्सला ४४ देश जमले, आपले चिंतामणराव देशमुखही तिथे होते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून, आणि तिथे कोटा कसा काढला असं विचारल्यावर माइकसेलने मोठं भाषण दिलं पण फॉर्म्युला काही सांगितला नाही. भारताला ४० कोटी डॉलर आले, चीनला ५५ कोटी. कोट्यावर मतं ठरतात आणि किती कर्ज काढता येईल तेही, त्यामुळे हा मानापमानाचा विषय नव्हता फक्त.

हा किस्सा मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी वाचला आणि मला वाटतं तिथेच माझी गाडी रुळावर आली. त्याआधी माझा विषय होता 'जागतिकीकरण आणि विकास', बास, एवढाच, आणि मी गाईडकडे गेले तर ते म्हणाले, छान आहे, कुठली मीटिंग? मला वाटलं माझी भेटीची वेळ चुकली. नंतर लक्षात आलं, ते विचारत होते की जागतिकीकरण जर कुठेतरी घडतं तर कुठल्या खोलीत, कुठल्या तारखेला, कोण बसलं होतं आणि समोर कुठला कागद होता.

आता या क्षेत्राची गंमत अशी की याला स्वतःचं घर नाही. इकॉनॉमिक्सवाले म्हणतात हे पॉलिटिक्स आहे, पॉलिटिक्सवाले म्हणतात यात समीकरणं फार, लॉवाल्यांना तर दोघंही चालत नाहीत. सुझन स्ट्रेंज नावाच्या ब्रिटिश बाईंनी १९७० मध्येच लिहिलं होतं की इकॉनॉमिक्स आणि आंतरराष्ट्रीय राजकारण या दोन शाखा एकमेकींकडे बघतच नाहीत, आणि त्या मुळात पत्रकार होत्या हे लक्षात घ्या. नोकरीच्या वेळी मात्र याचा त्रास होतो, मला पहिल्या तीन इंटरव्ह्यूंत तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारलं की तुम्ही नक्की कुठल्या डिपार्टमेंटच्या.

मॅथ्स किती लागतं हा प्रश्न तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगते. समोरचा आकडा कसा बनला ते उलगडता येईल एवढं लागतं. आयएमएफचा सध्याचा फॉर्म्युला २००८ चा आहे. जीडीपीला ५० टक्के वजन, ओपननेसला (बाहेरच्या देशांशी व्यवहार किती) ३०, त्या व्यवहारांतल्या चढउताराला १५, परकीय चलन वगैरेंच्या साठ्याला ५. मग जीडीपी कुठला, तर ६० टक्के बाजारभावाचा (डॉलरच्या चालू दराने काढलेला) आणि ४० टक्के पीपीपीचा (त्या त्या देशातल्या किमती धरून काढलेला), आणि शेवटी सगळ्याला ०.९५ चा घात म्हणजे मोठे थोडे दबतात. आता हे ६०-४० आकाशातून पडलं का? पीपीपीने मोजलं की भारत, चीन मोठे दिसतात, बाजारभावाने श्रीमंत देश मोठे दिसतात, त्यावर भांडण झालं आणि मधे कुठेतरी रेघ ओढली गेली. एवढं दिसलं की पुरे. आणि एवढं करून फॉर्म्युला हा नुसता मार्गदर्शक, प्रत्यक्ष कोटा वाटाघाटीत ठरतो, आणि मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात, अमेरिकेकडे साडेसोळाच्या आसपास आहेत, करा वजाबाकी. २०१० ला ठरलेली कोट्याची सुधारणा अमेरिकन काँग्रेसने २०१५ च्या डिसेंबरपर्यंत रखडवली ती अशीच.

आणि विद्यार्थी म्हणून आपलं कोण ऐकणार असं वाटत असेल तर थॉमस हर्नडन आठवा. २०१३ साली हा मुलगा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, ॲमहर्स्टला, शिकत होता, होमवर्क होतं की एखादा गाजलेला पेपर घ्या आणि त्याचे आकडे पुन्हा काढून बघा. त्याने राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा २०१० चा पेपर घेतला, कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ मंदावते असं सांगणारा, युरोपात खर्चकपातीच्या बाजूने मंत्री लोक तो सर्रास दाखवायचे. याचे आकडे काही केल्या जुळेनात, मग लेखकांकडूनच फाइल मागवली, आणि बघतो तर एक्सेलमध्ये सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सिलेक्टच झाल्या नव्हत्या. शिवाय काही वर्षं गाळलेली, वजनं द्यायची पद्धतही विचित्र. उणे ०.१ टक्के म्हटलेली वाढ निघाली अधिक २.२. लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली, निष्कर्ष मात्र सोडला नाही, तो वाद वेगळा.

पॉलिसीच्या बाजूबद्दल थोडं कडवट बोलते. मी एका संस्थेसाठी (नाव नको) रिपोर्ट लिहिला होता, त्यात परिशिष्टात एक टेबल होतं की त्यांच्या कर्जाच्या अटी कुठल्या देशांना शिथिल केल्या आणि कुठल्यांना नाही. छापून आला तेव्हा परिशिष्ट गायब, पानांची अडचण म्हणे, पीडीएफमध्ये! मी तेव्हा काही बोलले नाही कारण पुढचं कामही त्यांच्याकडूनच यायचं होतं. हे तुम्हालाही होणार. पैसे देणाराच तुमचा अभ्यासाचा विषय असतो, मुलाखती देणारेही तेच, एकदा टोचून लिहिलं की फोन उचलायचे बंद होतात. माझी जुगाडू सोय अशी की मी रिटायर झालेल्यांकडे जाते, तेही साहेबांकडे नाही तर त्यांच्या हाताखालच्यांकडे, ड्राफ्ट त्यांनीच टाइप केलेला असतो आणि कोणाचा शब्द कोणी खोडला ते त्यांना पाठ असतं.

शेवटी कोणाला विषय हवा असेल तर एक देऊन टाकते. डिसेंबर २०२३ मध्ये आयएमएफने एकूण कोटा ५० टक्क्यांनी वाढवायचं मंजूर केलं, पण सगळ्यांचा सारख्याच प्रमाणात, म्हणजे कोणाचा वाटा जागचा हलला नाही. त्याआधी २०२१ ला ६५० अब्ज डॉलरचे एसडीआर (आयएमएफचं स्वतःचं, राखीव चलनासारखं साधन) वाटले तेही कोट्याप्रमाणेच, त्यात सगळ्या गरीब देशांना मिळून २१ अब्जच्या आसपास. वाटा न हलवता रक्कम वाढवायची हे कोणी सुचवलं, कोण आधी नाही म्हणालं आणि मग हो म्हणायला काय घेतलं, हे आयएमएफच्या बोर्डाच्या मिनिट्समध्ये, म्हणजे बैठकांच्या नोंदींत, असणार, आणि ती काही वर्षांनी उघडतात. आत्ता ॲडमिशन घेतलीत तर फील्डवर्कच्या वर्षापर्यंत बरोबर जमेल.